जुनी गाडी, जोखीम कुणाची?

मानिक चौक हा झाशीच्या जुन्या शहरातला बाजार. किल्ल्याखालच्या या भागाभोवती एकेकाळी तटबंदी होती आणि ओरछा, दतिया, सागर, भांडेर अशा गावांच्या नावांचे दरवाजे होते. शहर त्या दरवाजांबाहेर कधीच पसरलं, पण आतले रस्ते जुन्याच मापाचे राहिले. अशा बाजारात मोटारीपेक्षा दुचाकी सोयीची, आणि दुचाकी काही वर्षांनी बदलावी लागतेच. तेव्हा घरोघरी एकच चर्चा होते. शोरूममध्ये जुनी गाडी देऊन वरचा फरक भरायचा, की ओळखीपाळखीत गिऱ्हाईक शोधून ती स्वतः विकायची? शोरूमवाला नेहमी कमी सांगतो आणि बाहेर नेहमी जास्त येतात, असा सगळ्यांचा अनुभव असतो. त्यावरून मधला माणूस आपले पैसे खातो असा निष्कर्ष निघतो आणि विषय तिथेच संपतो. मला हा निष्कर्ष अपुरा वाटतो. दोन वाटांमधला फरक हा गाडीच्या किमतीतला फरक नसतो. गाडीत न दिसणारा दोष कुणाच्या माथी बसणार आणि विकल्यानंतरची जबाबदारी कोण वाहणार, याचा तो भाव असतो. मोटारी येण्याच्या कितीतरी आधीपासून, घोड्याबैलांच्या काळापासून, हा भाव ठरत आला आहे. तो इतिहास पाहायला झाशी उत्तम जागा आहे, कारण त्यातला एक फार चांगला पुरावा याच शहराबद्दलचा आहे आणि तो मराठीत लिहिलेला आहे.

पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे 1857 च्या धामधुमीत उत्तरेत गेले, झाशीत राणी लक्ष्मीबाईंच्या आश्रयाला राहिले आणि 1858 च्या मार्च-एप्रिलमध्ये इंग्रज सेनापती ह्यू रोजच्या फौजेने शहराला घातलेला वेढा व नंतरची लूट त्यांनी डोळ्यांनी पाहिली. त्यांचा ‘माझा प्रवास’ चिंतामण विनायक वैद्यांनी 1907 साली प्रसिद्ध केला. त्यात राणीच्या अश्वपरीक्षेची एक हकीकत आहे. एक सौदागर दोन उमदी जनावरं घेऊन आला. रंग, बांधा, उंची, दिसण्यात दोन्ही तोडीस तोड. बाईंनी दोन्हींवर स्वतः बसून फेर धरला आणि एकाची किंमत हजाराच्या घरात, तर दुसऱ्याची अवघी पन्नास रुपये सांगितली. दुसरा घोडा छातीत दुखावलेला आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. सौदागराने ते कबूल केलं. ही हकीकत शब्दशः घेऊ नये, असा आक्षेप कुणी घेईल आणि तो रास्त आहे. गोडसे भटजींनी आठवणी पाव शतकानंतर लिहून काढल्या, राणीविषयी त्यांच्या मनात भक्ती होती, आणि ऐकीव व पाहिलेलं यांची सरमिसळ त्यांच्या लेखनात ठिकठिकाणी आहे. पण आपल्या कामाला राणीने नेमका कोणता आकडा सांगितला हे महत्त्वाचं नाही. त्या काळच्या मराठी वाचकाला ही गोष्ट पटण्यासारखी वाटली, हे महत्त्वाचं. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन जनावरांच्या किमतीत वीसपट अंतर असू शकतं, ते अंतर फक्त विकणाऱ्याला ठाऊक असतं आणि ते ओळखणारा परीक्षक विरळा असतो, हे त्या काळच्या माणसाला समजावून सांगावं लागत नव्हतं.

आता त्या प्रसंगातून राणीला वजा करा आणि तेच दोन घोडे एखाद्या साध्या खरेदीदारापुढे उभे करा. त्याला दोन्ही सारखेच दिसतात. तो हजार देणार नाही, कारण पन्नासाचं जनावर गळ्यात पडण्याची भीती आहे. तो मधली कुठलीतरी रक्कम सांगेल. त्या रकमेला दुखावलेला घोडा आनंदाने विकला जाईल आणि धडधाकट घोड्याचा मालक बाजारातून निघून जाईल. म्हणजे पुढच्या बाजारी खोडीच्या जनावरांचं प्रमाण आणखी वाढेल आणि खरेदीदार आणखी कमी बोलेल. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकेरलॉफ यांनी 1970 साली हीच साखळी जुन्या मोटारींच्या उदाहरणाने मांडली आणि 2001 साली ज्या कामासाठी त्यांना नोबेल मिळालं त्याचा पाया हा निबंध होता. निबंध प्रसिद्ध होण्याआधी ते काही काळ दिल्लीत राहिले होते. बाजारातल्या तांदळात त्याच रंगाचे खडे मुद्दाम मिसळलेले असतात आणि भारतीय गृहिणीला ते निवडून काढावे लागतात, हे निरीक्षण त्या निबंधात आहे. तांदूळ निवडता येतो. घोड्याची छाती किंवा इंजिनाची पिस्टन रिंग निवडून बाजूला काढता येत नाही, आणि म्हणूनच तिथे निवडण्याच्या ऐवजी भाव पाडून घेतला जातो. फेर धरून पाहण्यालाही मर्यादा आहे. 1858 च्या जूनमध्ये ग्वाल्हेरजवळच्या शेवटच्या लढाईत राणीचा नेहमीचा घोडा नव्हता, नवा घोडा ओढ्याशी अडला, अशी परंपरेने सांगितली जाणारी हकीकत आहे. तिचे तपशील निरनिराळे मिळतात. पण जनावर खरं कळतं ते वापरात आणि अडचणीच्या वेळी, ही समजूत तिच्यामागे आहे. चौकाभोवती एक चक्कर मारून स्कूटर पाहणाऱ्याची अडचण हीच असते.

जुन्या धर्मशास्त्रकारांना ही अडचण पक्की माहीत होती, आणि त्यांनी तिच्यावर काढलेला उपाय आजच्या कायद्यापेक्षा खरेदीदाराला जास्त अनुकूल होता. खरेदी-विक्रीचा पश्चात्ताप हा त्यांच्याकडे वादाचा एक स्वतंत्र प्रकार आहे. मनुस्मृतीत सौदा मोडायला दहा दिवसांची मुदत आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात व्यापाऱ्याला एक रात्र, शेतकऱ्याला तीन, गुराख्याला पाच अशा पायऱ्या आहेत. याज्ञवल्क्यस्मृती तर वस्तूगणिक परीक्षेचा काळ ठरवते. लोखंडाला एक दिवस, दुभत्या जनावराला तीन, ओझं वाहणाऱ्या जनावराला पाच, रत्नाला सात, बियाण्याला दहा. (त्याच यादीत दासदासींनाही मुदत आहे, हे त्या काळाचं कटू वास्तव.) ही मुदत वस्तूच्या किमतीवर ठरलेली नाही. दोष उघडा पडायला जितका काळ लागतो तितके दिवस दिले आहेत. बी उगवलं की नाही हे दहा दिवसांत कळतं आणि बैल जुंपला की पाच दिवसांत त्याचं खरं रूप दिसतं. या स्मृतीवरची मिताक्षरा ही टीका विज्ञानेश्वराने कल्याणीच्या चालुक्यांच्या राजधानीत, म्हणजे आजच्या बसवकल्याणला, लिहिली. महाराष्ट्राच्या सीमेला लागून लिहिलेला हा ग्रंथ पुढे ब्रिटिश न्यायालयांनीही वारसाहक्कासाठी प्रमाण मानला. रोममध्येही बाजारावर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांच्या हुकमाने गुलाम आणि जनावरं विकणाऱ्याला दोष आधी सांगावे लागत. इंग्लंडच्या व्यापारी परंपरेने मात्र उलटी दिशा धरली. डोळे उघडे ठेवणं हे घेणाऱ्याचं काम, असं ठरलं, आणि तेच सूत्र 1930 च्या माल विक्री कायद्याच्या कलम 16 मधून आपल्याकडे आलं. मालाच्या दर्जाची गर्भित हमी नाही, हा त्यातला नियम. पण त्याला महत्त्वाचा अपवाद आहे. विकणारा त्याच धंद्यातला असेल, घेणाऱ्याने आपली गरज त्याला सांगितली असेल आणि त्याच्या जाणकारीवर विसंबून सौदा केला असेल, तर हमी गृहीत धरली जाते. खासगी विक्रेता आणि धंदेवाला विक्रेता यांच्यातली रेषा कायद्यानेच अशी आखून ठेवली आहे. धंदेवाल्याच्या भावात या हमीची किंमत मिसळलेली असणारच.

दोषाच्या प्रश्नाला जोडून दुसरा प्रश्न येतो तो ओळखीचा. हे जनावर नेमकं कुणाचं? अल्लाउद्दीन खिलजीपासून शेरशहा आणि अकबरापर्यंत लष्करी घोड्यांना डाग देण्याची आणि स्वाराचं व घोड्याचं वर्णन लिहून ठेवण्याची पद्धत होती. हजेरीच्या दिवशी चांगला घोडा दाखवायचा आणि मागाहून मरतुकडा ठेवून पैसे खिशात घालायचे, ही लबाडी थांबवायला ती निघाली. आजच्या चॅसी नंबराचं आणि आरसी बुकाचं काम तेव्हा डाग आणि चेहरेपट्टी करत होती. अकबराने घोड्यांच्या सौदागरांना उतरायला स्वतंत्र जागा दिली, तिच्यावर अधिकारी नेमला आणि जाणकारांकडून किंमत ठरवून घेतली, असं आइने अकबरीत आहे. तो ग्रंथ लिहिणाऱ्या अबुल फजलचा 1602 साली ग्वाल्हेरजवळ आंतरीला खून केला तो ओरछाच्या वीरसिंह देवाने, आणि झाशीचा किल्ला बांधला तोही त्यानेच. पुढे छत्रसालाने बाजीरावाला दिलेल्या वाट्यातून हा मुलूख मराठ्यांकडे आला, 1742 पासून नारो शंकराने किल्ला वाढवला आणि शहर वसवलं, मग राणीच्या सासरचे नेवाळकर आले. मराठ्यांच्या फौजांमधली शिलेदार आणि बारगीर ही विभागणी आपल्या विषयाला फार जवळची आहे. बारगिराचा घोडा सरकारी पागेचा असे. तो मेला तर नुकसान पागेचं. शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन येई, म्हणून त्याला पगार जास्त आणि जोखीमही त्याचीच. कंपनीने दिलेली गाडी चालवणारा आणि हप्त्यावर स्वतःची गाडी घेणारा यांच्यात आज जो फरक आहे तोच इथे दिसतो. इंग्रजांनी हीच पद्धत आपल्या ‘सिल्लेदार’ रिसाल्यांत पहिल्या महायुद्धापर्यंत चालवली. स्वार भरती होताना घोड्याचे आणि साजाचे पैसे भरत असे आणि नोकरी सोडताना ते परत मिळवत असे. घोडे बदलण्यासाठी रेजिमेंटचा वर्गणीचा निधी असे. म्हणजे जनावर मेलं वा निकामी झालं तर तो तोटा एकट्या स्वारावर न पडता सगळ्यांत वाटला जाई. जुनं देऊन नवं घेण्याची ती एक संस्थाबद्ध सोय होती, आणि तिची किंमत स्वार वर्गणीतून नियमित भरत होता.

लष्कराबाहेर, शेतकऱ्याच्या पातळीवर, ही सोय हेडी, म्हणजे गुरांचा व्यापारी, पुरवत असे आणि महाराष्ट्रात काही ठिकाणी अजूनही पुरवतो. सांगोल्याच्या किंवा खरसुंडीच्या बैलबाजारात एका बैलाभोवतीचा सौदा जवळून पाहण्यासारखा असतो. हेडी आधी जबडा उघडतो. दुधाचे दात असतील तर अदात, मग दोनदाती, चारदाती, सहादाती, आणि आठही दात आले की जनावर जुळलं. जुळेपर्यंतचं, म्हणजे साधारण चार-साडेचार वर्षांपर्यंतचं वय तोंडातच लिहिलेलं असतं. तिथून पुढे दातांच्या झिजेवरून अंदाज. मग खुर, वशिंड, चालताना मागचा पाय टाकण्याची ढब. भाव मात्र तोंडाने बोलला जात नाही. उपरण्याखाली किंवा टॉवेलखाली हात धरून बोटांनी रक्कम सांगितली जाते, म्हणजे शेजारी उभ्या असलेल्याला ती कळत नाही आणि पुढच्या गिऱ्हाइकाशी हेडी नव्याने बोलू शकतो. शेतकऱ्याचा थकलेला बैल घेऊन वरच्या पैशांत त्याला तरणा बैल द्यायचा, हा हेडीच्या धंद्याचा नेहमीचा भाग. हेडी गोरगरिबाला नाडतो, दोन्हीकडून खातो, असा आरोप पिढ्यानपिढ्या आहे, आणि टॉवेलखालचा भाव पाहिला तर तो निराधार म्हणता येत नाही. माहिती लपवण्याचीच ती पद्धत आहे. पण शेतकऱ्याला त्याच्याकडे पुन्हा का जावं लागतं, हे विचारायला हवं. पेरणी तोंडावर असताना म्हातारा बैल विकून नवा शोधण्यात दोन-तीन बाजार घालवणं त्याला परवडत नाही. मधल्या दिवसांत नांगर उभा राहतो. हेडी त्याच दिवशी जुनं घेतो आणि नवं देतो. जुन्या जनावराची खोड पुढे निघाली तर ती हेडीच्या गळ्यात. ज्या गावांत हेडी वर्षानुवर्षं येतो तिथे तो फारसं फसवतही नाही, कारण त्याला पुढच्या मोसमात तिथेच यायचं असतं. फसवणूक होते ती यात्रेच्या एकदाच भेटणाऱ्या गर्दीत. मध्यस्थ प्रामाणिक राहतो तो बऱ्याचदा त्याला परत यायचं असतं म्हणून, आणि हे शोरूमलाही लागू पडतं.

मोटारींचा काळ आला तेव्हा आपल्याकडे या सगळ्या हिशेबाला एक मोठा खंड पडला. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराच्या शिलकी जीप, ट्रक आणि मोटरसायकली सरकारी विक्रीतून बाहेर पडल्या. पण नव्या गाड्यांचं उत्पादन परवान्यांत अडकलं. 1959 आणि 1960 साली मोटारी आणि स्कूटरच्या वाटपावर व विक्रीवर नियंत्रण आदेश आले. नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षं वाट पाहायची, अशी रीत झाली. बजाजच्या स्कूटरसाठी दहा-दहा वर्षं थांबलेली कुटुंबं होती. उत्तर प्रदेशात 1970 च्या दशकात लखनौच्या स्कूटर्स इंडियाची ‘विजय’ आली, 1980 च्या दशकात कानपूरची एलएमएल व्हेस्पा. तोवर हातात आलेली स्कूटर म्हणजे गुंतवणूक होती. नव्या स्कूटरची छापील किंमत ठरलेली आणि ती मिळत नाही, म्हणून चालू जुनी स्कूटर त्यापेक्षा महाग जाई. वाटपात मिळालेलं वाहन ठरावीक मुदतीच्या आत परवानगीशिवाय विकायला बंदी होती, ती हे वरचे पैसे रोखण्यासाठीच. अशा काळात शोरूममध्ये जुनी देऊन नवी घेण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता. माल न मागताच खपत असेल तर कुठला विक्रेता तुमची जुनी गाडी ओढून घेईल? या कालखंडावरून माझ्या मूळ मुद्द्यावर सरळ आक्षेप येतो. जुन्या वाहनाचा भाव शेवटी टंचाईने ठरतो, जोखमीचा त्यात काय संबंध? उत्तर असं की टंचाईने भावाची पातळी ठरते. जोखीम कुठे आणि कुणावर पडते, हे वेगळं राहतं. टंचाईच्या काळात जोखीम नाहीशी झाली नव्हती, ती फक्त घेणाऱ्यावर ढकलली गेली होती, कारण त्याच्यापुढे पर्याय नव्हता. पुनर्विक्रीवर बंदी असली की सौदे बंद होत नाहीत. नाव जुन्याच मालकाचं ठेवून सह्यांच्या कागदांवर गाडी हात बदलते. कागदोपत्री मालक एक आणि चालवणारा दुसरा, ही आपल्या जुन्या गाड्यांच्या बाजाराची सवय त्या दशकांत मुरली, असं मला वाटतं. तिचे परिणाम आजही भोगावे लागत आहेत.

टंचाई ओसरली तसा बाजाराचा चेहरा बदलला. 1983 च्या डिसेंबरात पहिली मारुती 800 रस्त्यावर आली, 1991 नंतर परवाने गेले, 1993 साली मोटारींचा परवानाही गेला. नवी गाडी हवी तेव्हा मिळू लागली, आणि मग विकणाऱ्याला घेणाऱ्याची जुनी गाडी ही अडचण वाटू लागली, कारण ती विकल्याशिवाय गिऱ्हाईक नवी घेत नाही. अमेरिकेत हे 1920 च्या दशकातच घडलं होतं. तिथे ज्यांना गाडी घ्यायची होती त्यांतल्या बहुतेकांकडे आधीच एक होती. जनरल मोटर्सच्या आल्फ्रेड स्लोन यांनी हप्त्यांची विक्री, जुनी गाडी घेण्याची सोय, बंद टपाची मोटार आणि दरवर्षीचं नवं मॉडेल, या चार गोष्टींनी मोटारधंदा बदलला असं पुढे लिहून ठेवलं. आपल्याकडे मारुतीने 2001 साली ‘ट्रू व्हॅल्यू’ सुरू केलं आणि कंपन्यांनी जुन्या गाड्यांच्या तपासणीवर आपलं नाव लावायला सुरुवात केली. आज देशात दरवर्षी नव्या मोटारींपेक्षा जुन्या मोटारी जास्त विकल्या जातात. हेडीच्या जागी कंपनी आली. पण जनावराचा जबडा उघडणारा जाणकार लागतोच, कारण दात कानसून वय लपवण्याची विद्या मीटर मागे फिरवण्यात उतरली आहे.

विकणाऱ्याच्या बाजूची जोखीम मात्र या साऱ्या चर्चेत कुणी मोजत नाही, आणि माझ्या मते हिशेबाचा सगळ्यात जड भाग तोच आहे. मोटार वाहन कायदा, 1988 च्या व्याख्येनुसार ज्याच्या नावावर नोंदणी तो मालक. कलम 50 प्रमाणे विकणाऱ्याने राज्याच्या आत 14 दिवसांत आणि राज्याबाहेर 45 दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याला कळवायचं असतं, घेणाऱ्याने 30 दिवसांत. फॉर्म 29 आणि 30 वर सह्या, कर्ज असेल तर बँकेकडून बोजा उतरवल्याचा फॉर्म 35, राज्याबाहेर जात असेल तर फॉर्म 28 वर ना हरकत. प्रत्यक्षात काय होतं? इसार घेतला जातो, बाकी रक्कम मिळते, सह्या केलेले कोरे फॉर्म आणि चावी दिली जाते, आणि नाव बदलून घेण्याचं घेणारा ‘लवकरच’ करणार असतो. 2018 च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या प्रकरणात एक मोटार 2007 साली विकली गेली होती, पुढे आणखी काही हातांतून गेली, 2009 साली तिच्या अपघातात एक जीव गेला, आणि नोंदणी मात्र पहिल्याच मालकाच्या नावावर होती. भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकाचीच, असा निकाल लागला. न्यायालयाने मांडलेलं कारण विचार करायला लावणारं आहे. अपघातग्रस्ताने विक्रीच्या साखळीतला शेवटचा माणूस शोधत फिरावं, अशी अपेक्षा ठेवता येत नाही. झाशीत हा धोका अधिक आहे, कारण शहर मध्य प्रदेशाने जवळजवळ वेढलेलं आहे. ओरछा अगदी हाकेच्या अंतरावर आणि दतियाही जवळ, पण दोन्ही दुसऱ्या राज्यात. मानिक चौकातल्या माणसाने यूपी 93 ची गाडी नात्यातल्या कुणाला दतियाला विकली तर अंतर तासाभराचं, पण कायद्याने ती राज्याबाहेर गेली. ना हरकत लागणार, नवीन कर लागणार, नोंदणी बदलणार. इतकी दगदग कोण करतो? गाडी तिकडे धावत राहते आणि नाव इकडचं राहतं. खासगी विक्रीत मिळालेले जास्तीचे पैसे नफा म्हणून मोजताना हा न संपणारा धोका वजा करायला हवा.

2023 च्या एप्रिलपासून या चित्रात एक खरोखरीचा बदल झाला आहे आणि त्याची चर्चा त्यामानाने कमी झाली. केंद्रीय मोटार वाहन नियमांत नियम 55ए आणि पुढचे नियम आले. जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला आता अधिकृत नोंदणी घ्यावी लागते, आणि मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची सूचना फॉर्म 29सी मधून दिली की विक्री होईपर्यंत व्यापारीच मालक मानला जातो. म्हणजे अधिकृत व्यापाऱ्याकडे जुनी गाडी देताना जो कमी भाव मिळतो त्याच्या बदल्यात आता कायद्याने पक्की सुटका मिळते. याआधी ती व्यापाऱ्याच्या शब्दावर असे. खासगी विक्रीत हे संरक्षण नाही. कराच्या बाबतीतही रेषा तशीच आहे. 2025 पासून नोंदणीकृत व्यापाऱ्याला खरेदी-विक्रीतल्या फरकावर 18 टक्के जीएसटी भरावा लागतो. तुम्ही-आम्ही एकमेकांना गाडी विकली तर काही नाही. व्यापाऱ्याने गाडी घेतल्यावर तो सर्व्हिसिंग करतो, डेंट-पेंट करतो, ती महिना-दोन महिने जागा अडवते, भाव पडला तर तो सोसतो, कर भरतो, आणि पुढच्या गिऱ्हाइकाने ग्राहक आयोगात तक्रार केली तर उत्तर देतो. 2025 च्या सप्टेंबरात लहान मोटारींवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला तेव्हा नव्या गाड्या रातोरात स्वस्त झाल्या, आणि आवारात उभ्या असलेल्या जुन्या गाड्यांवरही भाव उतरवण्याचा दबाव आला. तो धक्का ज्याच्या ताब्यात गाडी होती त्याने सोसला. यात जुनी गाडी देणाऱ्याने स्वतःकडे ठेवायची एक गोष्ट लोक विसरतात. विम्यातला ‘नो क्लेम बोनस’ गाडीचा नसून मालकाचा असतो. कुठल्याही मार्गाने जुनी गाडी देताना त्याचं पत्र विमा कंपनीकडून घेऊन ठेवलं तर नव्या गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात 50 टक्क्यांपर्यंत सूट मिळते.

तरी शोरूमची बाजू सरसकट घेणं मला मान्य नाही. ‘एक्स्चेंज बोनस’ नावाची रक्कम बऱ्याचदा जुन्या गाडीच्या पाडलेल्या भावातूनच परत आलेली असते. नव्या गाडीवरची रोख सवलत आणि जुनीचा भाव एकाच आकड्यात मिसळले की कुठे किती गेलं हे कळत नाही. उपरण्याखालच्या बोटांचंच हे छापील रूप आहे. म्हणून जुनी गाडी द्यायची नसेल तर नवीची किंमत काय, हे आधी लेखी घ्यावं आणि मगच जुनीचा विषय काढावा. दुसरी गोष्ट, जोखमीचा भाव तिथेच द्यावा जिथे जोखीम खरोखर आहे. जुन्या बाजारपेठेतला माणूस आपली स्कूटर समोरच्या दुकानदाराला विकतो तेव्हा त्याला रोज त्याच रस्त्याने जायचं असतं. गाडी कुणी चालवली, कुठे पडली, कुठल्या मेकॅनिकने इंजिन खोललं, हे दोघांनाही माहीत असतं. अशा विक्रीत फसवण्याची किंमत इतकी मोठी असते की हमीची गरजच उरत नाही. तिथे मधल्या माणसाला पैसे देण्यात काही अर्थ नाही, फक्त नाव त्याच आठवड्यात बदलून घ्यावं. खासगी विक्री योग्य ठरते ती याच प्रकारच्या ओळखीत. अनोळखी माणसाला विकताना तीच विक्री शिलेदाराच्या घोड्यासारखी होते. पैसे जास्त मिळतात, आणि पुढे जे होईल तेही आपल्याच खात्यावर जमा होतं.

शेवटचा आक्षेप आजचा आहे. आता सगळी माहिती मोबाइलवर आहे, ‘वाहन’ पोर्टलवर नंबर टाकला की मालकाचा क्रम, विम्याची मुदत, बोजा, सगळं दिसतं, मग न दिसणारा दोष उरला कुठे? डाग आणि चेहरेपट्टीचं काम पोर्टल करतं, हे खरं. पण तो डाग घोडा कुणाचा हे सांगत होता. छातीत दुखावला आहे का, हे त्यावरून कळत नव्हतं. पोर्टलवर गाडीची ओळख आहे, तिचं आयुष्य नाही. गाडी पुरात बुडाली होती का, अपघातात चॅसी वाकली होती का, एअरबॅग उघडून बदलली होती का, हे तिथे दिसत नाही. ही माहिती अस्तित्वात नाही असं नाही. दावा मंजूर करताना सर्वेक्षकाने पाहून लिहिलेला नुकसानीचा अहवाल विमा कंपन्यांच्या दप्तरात असतो, कंपनीच्या वर्कशॉपमध्ये प्रत्येक सर्व्हिसिंगच्या वेळचा किलोमीटरचा आकडा नोंदलेला असतो. मालकाचं नाव झाकून, फक्त गाडीच्या नंबराशी जोडून या दोन नोंदी आरसीबरोबर पुढच्या मालकाला मिळू लागल्या, तर मीटर मागे फिरवण्याचा धंदा बसेल, धडधाकट गाडीच्या मालकाला बाजारातून मागे फिरावं लागणार नाही, आणि शोरूम व खासगी विक्री यांच्यातला फरक कागदपत्रांच्या दगदगीपुरता आणि कराएवढा उरेल. यासाठी नव्या यंत्रणेची गरज नाही. असलेल्या नोंदींची दारं विकत घेणाऱ्यासाठी उघडावी लागतील, आणि ते काम परिवहन खात्याने आणि विमा नियामकाने मिळून करायचं आहे.